नाव नीट उच्चारण्याबद्दल

नमस्कार श्रोतेहो.

पावलोस एयासू. आयझॅक मोगोस. नेगेदे तेक्लेमरियम. ही तीन नावं मी सकाळपासून घोकतोय, तुमच्यासमोर अडखळायला नको म्हणून.

लाल समुद्राकाठच्या इरिट्रिया देशातले हे तिघे, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे. हाती शस्त्र धरायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. आणि तिथे लष्करी सेवा सक्तीची. सप्टेंबर १९९४ मध्ये त्यांना पकडलं. आरोपपत्र नाही, खटला नाही, शिक्षाही सुनावलेली नाही. आता शिक्षाच सुनावली नाही म्हटल्यावर ती संपायची कधी? ते बाहेर आले ४ डिसेंबर २०२० रोजी. मध्ये २६ वर्षं गेली. आत गेले तेव्हा तरुण होते.

तुम्ही म्हणाल, पंथ छोटा, सरकारशी जुळवून न घेणारा, म्हणून असं झालं असेल. पण त्याच देशात २००२ पासून फक्त चार धर्मसंस्थांना मान्यता आहे, आणि त्यातल्या सर्वांत जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख आबुने अँतोनियोस यांचं काय झालं बघा. चर्चच्या कारभारात सरकार ढवळाढवळ करतंय, असं ते बोलले. २००६ मध्ये त्यांना पदावरून काढलं, घरात कोंडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते वारले तेही नजरकैदेतच. म्हणजे मान्यतेचा शिक्का असला तरी तोंड मिटून बसण्याची अट होतीच.

हिंसा न करता, केवळ आपल्या श्रद्धेपायी किंवा मतांपायी कोंडल्या गेलेल्या अशा माणसांना ‘सदसद्विवेकबुद्धीचे कैदी’ म्हणतात. शब्द जडच आहे, पण चपखल आहे. तो रुळला १९६१ साली. पीटर बेनेन्सन या ब्रिटिश वकिलाने ‘द ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात विसरल्या गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला आणि त्यातून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांसाठी झगडणारी संस्था उभी राहिली. त्या लेखात प्रागचे आर्चबिशप योसेफ बेरान होते, तसेच कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारे अमेरिकन धर्मोपदेशक अ‍ॅश्टन जोन्सही होते. पुढे संस्थेच्या प्रत्येक गटाने तीन कैदी दत्तक घ्यायचे, म्हणजे त्यांच्या सुटकेसाठी पत्रं लिहीत राहायचं, असं ठरलं: एक कम्युनिस्ट देशातला, एक पाश्चात्त्य देशातला, एक तिसऱ्या जगातला. मला या सगळ्या इतिहासात हा नियम फार आवडतो. आपल्या माणसासाठी गळा कोणीही काढतो. ज्याची प्रार्थना आपल्याला पटत नाही, किंवा जो मुळात प्रार्थनाच करत नाही, त्याच्यासाठी पत्र लिहायला बसलं की आपल्या तत्त्वाची परीक्षा होते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १८वं कलम धर्म पाळण्याइतकाच तो बदलण्याचाही हक्क देतं. हे दुसरं अर्धं वाक्य बरेच जण हळूच गिळतात.

पत्रांनी कुलूप उघडतं का? इरिट्रियाचे ते तिघे पत्रांमुळेच सुटले, असं मी म्हणणार नाही. पण कोणीतरी मोजतंय, हे तुरुंगाधिकाऱ्याला कळलं की कैदी अचानक नाहीसा करणं अवघड होतं. एवढंही पुष्कळ आहे.

उलटी बाजूही सांगायला हवी. पाकिस्तानातली आसिया बीबी ही ख्रिस्ती बाई. जून २००९ मध्ये शेतात पिण्याच्या पाण्यावरून बायकांत भांडण झालं, त्यातून ईशनिंदेचा आरोप आणि २०१० मध्ये फाशीची शिक्षा. तिच्या बाजूने बोलले म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. दोन महिन्यांनी मंत्री शाहबाझ भट्टी मारले गेले. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं, ते साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नव्हत्या म्हणून. निकालानंतर तिच्या वकिलालाही देश सोडावा लागला. लांबून सही करणाऱ्याला यातलं काहीच भोगावं लागत नाही. म्हणून आधी घरच्यांना विचारावं. ते ‘आत्ता गप्प राहा’ म्हणाले, तर गप्प राहावं. मोहिमेचा उत्साह त्यांच्या जिवापेक्षा मोठा नाही.

आणि लिहायचंच असेल तर? पत्र छोटं असावं, भाषा सभ्य. कैद्याचं नाव अचूक, अटकेची तारीख अचूक. त्या देशाच्या धर्माला नावं ठेवायची नाहीत, पंतप्रधानांना शहाणपण शिकवायचं नाही. मागणी एकच, आणि तीही ठोस: वकील भेटू द्या, औषध द्या, खटला उघड चालवा, सोडा. कैद्यालाच लिहीत असाल तर राजकारणाचा शब्दही नको. इराणमध्ये बहाई या अल्पसंख्य धर्माच्या असल्यामुळे जवळजवळ दहा वर्षं तुरुंगात काढलेल्या माहवश साबेत यांनी आत बसून कविता लिहिल्या. २०१७ मध्ये त्या सुटल्या आणि २०२२ मध्ये त्यांना पुन्हा पकडलं. अशा माणसाला आपण धीर काय देणार? पण पत्रात आपल्या खिडकीतून दिसणारं झाड लिहिता येतं.

काही वेळा तर पत्ताच नसतो. १९९५ च्या मे महिन्यात दलाई लामांनी सहा वर्षांच्या गेधुन चोक्यी न्यिमाला पंचेन लामा, म्हणजे तिबेटी बौद्धांचा दलाई लामांखालोखालचा धर्मगुरू, म्हणून जाहीर केलं. तीनच दिवसांनी चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आई-वडिलांसकट नेलं. तेव्हापासून कोणाही त्रयस्थाला त्याची भेट घेऊ दिलेली नाही. त्याच्यासाठी लिहिणारे बीजिंगला लिहितात, आणि फक्त एक भेट मागतात. सोबत जोडायला त्यांच्याकडे फोटो तोच, लाल गालांच्या लहान मुलाचा. त्याचा जन्म १९८९ चा.