कवडसा

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त अमळनेर तालुक्यातील एका शाळेत आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे लिखित रूप.)

मुलांनो, मी बोलायला उभा राहण्याआधी तुमच्या एका मैत्रिणीने फरशीवर खडूने गोल काढला, तो तुम्ही पाहिलात. वर पत्र्याला खिळ्याचं भोक आहे. त्यातून ऊन येतं आणि खाली कवडसा पडतो. त्या कवडशाच्या कडेनेच तिने खडू फिरवला. तो गोल पुसू नका, शेवटी लागणार आहे.

कवडसा गोल का पडतो? पुढच्या रांगेतून उत्तर आलं, ‘भोक गोल आहे म्हणून.’ पण सकाळी पटांगणात आपण काय केलं ते आठवा. पुठ्ठ्याला मसुरीच्या दाण्याएवढं चौकोनी भोक पाडलं. पुठ्ठा जमिनीलगत धरला तेव्हा उजेडाचा चौकोन पडला. तोच पुठ्ठा डोक्याच्या वर नेला तसे चौकोनाचे कोपरे विरत गेले आणि खाली गोल उरला. भोक चौकोनी, कवडसा गोल! कारण तो आकार भोकाचा नाहीच. तो सूर्याचा आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून सूर्याच्या वरच्या कडेचा उजेड भोकातून खाली जातो आणि खालच्या कडेचा वर. अशा असंख्य ठिपक्यांनी सूर्याचं एक उलटं चित्र तयार होतं. निंबाच्या झाडाखाली सावलीत जे उजेडाचे गोल सांडलेले असतात, तीही सूर्याचीच चित्रं. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी झाडाखाली पाहा, शेकडो चंद्रकोरी पडलेल्या दिसतील. मान मात्र खालीच ठेवा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, भोकातूनसुद्धा नाही.

या कवडशातून सूर्य मोजता येतो. मला विज्ञानातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. भोकापासून कवडशापर्यंत दोरी ताणा. कवडशाच्या जागी पुठ्ठा उन्हाला काटकोनात धरा आणि कवडशाची रुंदी मोजा. समजा दोरी ३२४ सेंटिमीटर भरली, तर कवडसा ३ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. म्हणजे अंतर रुंदीच्या सुमारे १०८ पट. खऱ्या सूर्यालाही हेच प्रमाण लागू आहे. तो आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. १५ कोटीला १०८ने भागा. उत्तर येतं १३ लाख ८९ हजार किलोमीटर, आणि सूर्याचा व्यास जवळजवळ तेवढाच आहे. एक दोरी, एक पट्टी, एक भोक. आणि हो, हा उजेड सूर्यावरून निघाला तेव्हा मी बोलायला सुरुवातही केली नव्हती. सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावूनही त्याला इथवर यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात.

आता डोळा. आपण म्हणतो ‘नजर टाकली’, ‘नजर लागली’. जणू डोळ्यातून काहीतरी बाहेर जातं. आपली भाषा फार जुनी समजूत सांभाळून आहे. प्राचीन ग्रीसमध्ये कित्येक विद्वान तसं मानत, आपल्याकडच्या न्यायदर्शन या जुन्या तत्त्वज्ञानातही तसंच मानलेलं आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम नावाच्या अभ्यासकाने हे उलटं फिरवलं. तो आजच्या इराकमधल्या बसऱ्याचा, पुढे कैरोत राहिला. त्याचं म्हणणं असं : प्रखर उजेडाकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतंय. अंधाऱ्या खोलीत भोकातून येणाऱ्या उजेडाचे प्रयोगही त्याने केले होते.

तुमचा डोळाही तशीच अंधारी खोली आहे, जेमतेम २४ मिलिमीटर खोल. तिचं भोक म्हणजे बाहुली. उन्हात ती आक्रसून २ मिलिमीटर होते, अंधारात ८पर्यंत फाकते. आतल्या भिंतीवर, म्हणजे दृष्टिपटलावर, जगाचं उलटं चित्र पडतं आणि मेंदू ते सुलट समजून घेतो. पण भोक बारीक ठेवलं तर चित्र अंधूक, मोठं केलं तर फिसकटलेलं. म्हणून डोळ्याला भिंग हवं. विहिरीत सरळ खाली पाहिलं की १२ फूट पाणी ९ फूटच वाटतं ना? पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्याचा हा परिणाम. याच वाकण्याचा उपयोग डोळा करून घेतो. दोन तृतीयांश काम पुढचा पारदर्शक पडदा, पारपटल करतं. उरलेलं आतलं भिंग करतं, आणि जवळ-दूर पाहताना आपला फुगीरपणा बदलतं. वयाबरोबर ते ताठर होतं. चष्म्याला आपल्या आज्या ‘चाळिशी’ म्हणतात ते त्यामुळेच.

आता माझी गोष्ट सांगतो. मी सातवीत होतो. फळ्यावरचं मला दिसायचं नाही, आणि सगळ्यांना असंच दिसतं असं मी धरून चाललो होतो. उत्तर चुकलं की छडी. प्रगतिपुस्तकात तीन वर्षं एकच शेरा : ‘लक्ष नाही.’ एकदा मायसोबत कापूस वेचायला गेलो होतो. किडीने एरंडाच्या पानाला बारीक भोक पाडलेलं. गंमत म्हणून ते डोळ्याला लावलं आणि पलीकडच्या बांधावरच्या निंबाची डहाळी न् डहाळी सुटी दिसली. पान बाजूला केलं, पुन्हा नुसता हिरवा ढग. मी किती वेळ तेच करत उभा होतो. माय जवळ आली, म्हणाली, “भाऊ, तुले दिखस नही का रे?” तोवर हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

झालं होतं ते एवढंच : माझा डोळा थोडा लांबट होता, त्यामुळे लांबच्या वस्तूचं चित्र दृष्टिपटलाच्या अलीकडेच जुळायचं आणि पडद्यावर पोचेपर्यंत फिसकटायचं. बारीक भोकाने किरणांची जाड मोळी बारीक केली, म्हणून फिसकटणं कमी झालं. अंतर्वक्र भिंगाचा चष्मा लागला आणि फळा दिसू लागला. त्या शेऱ्याचं दुःख मला आजही आहे.

म्हणून मागच्या बाकावरच्यांना मुद्दाम सांगतो. कागदाला टाचणीने भोक पाडा, एक डोळा झाका, दुसऱ्याने भोकातून फळा पाहा. अक्षरं एकदम स्पष्ट झाली तर बहुधा चष्म्याचा नंबर आहे. त्याच दिवशी घरी सांगा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. अक्षरं स्पष्ट झाली नाहीत आणि एरवीही दिसत नाहीत, तर जास्तच लवकर जा. शेजारच्यालाही हे करायला लावा, त्याला दिसत नाही हे त्याला ठाऊक नसेल.

आता खडूच्या गोलाकडे बघा. कवडसा केव्हाच तिथून निघून गेलाय. पृथ्वी फिरते आहे, आणि स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला सूर्याच्या या चित्राला साधारण दोन मिनिटं लागतात. खडूच्या गोलापासून आताच्या जागेपर्यंत किती कवडसे सरकलाय ते मोजा, दोनने गुणा आणि मी किती वेळ बोललो ते मला सांगा. पट्टी कोणाकडे आहे?