बांबूच्या पायथ्याशी: सिंगापूरच्या घरांतली होक्किएन

[दृश्य: टेक्का बाजार, सकाळचे सात. मासळीचे ओले ओटे, कढीपत्त्याच्या जुड्या, पिशव्या घेऊन निघालेल्या आज्या.]

सिंगापूरचा टेक्का बाजार, लिटल इंडियाच्या तोंडाशी. इथं कढीपत्ता मिळतो, मटण मिळतं, ताजी मासळी मिळते. शहरातली मराठी घरंही इथं पिशवी भरायला येतात. 'टेक्का' हा शब्द कुणाला तमिळ वाटतो, कुणाला मलय. तो आहे होक्किएन, म्हणजे दक्षिण चीनमधून सिंगापूरला आलेल्या भाषेतला. तेक म्हणजे बांबू, खा म्हणजे पाय. बांबूच्या पायथ्याची जागा.

१९८२ मध्ये बाजार नव्या इमारतीत गेला आणि पाटीवर नाव आलं 'जूज्याव'. चिनी अक्षरं तीच, वाचन मँडरिनमधलं, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेतलं. गिऱ्हाईक मात्र टेक्काच म्हणत राहिलं. अखेर २००० साली जुनं नाव परत आलं.

त्याच बाजारात आज आजी कोथिंबीर होक्किएनमध्ये मागते आणि शेजारी उभी असलेली नात तिच्याशी इंग्रजीत बोलते.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. सिंगापूर नदी, हमाल, दुकानांच्या पाट्या.]

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. होक्किएन, तेओच्यू, कॅन्टोनीज, हक्का, हैनानीज यांना सरकारी कागदांत 'बोली' म्हटलं जातं. मराठी कानाला बोली म्हटलं की मालवणी किंवा वऱ्हाडी आठवते. इथं तसं नाही. होक्किएन बोलणाऱ्याला न शिकता मँडरिन कळत नाही आणि मँडरिनवाल्याला होक्किएन कळत नाही. अंतर मोजायचंच तर मराठी आणि बंगाली डोळ्यांपुढे आणा.

१९५७ च्या जनगणनेत सिंगापूरमधल्या ३० टक्के लोकांनी मातृभाषा होक्किएन सांगितली होती. मँडरिन सांगणारे हजारात एक होते. ७ सप्टेंबर १९७९ रोजी पंतप्रधान ली क्वान यू यांनी 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली. शाळेत इंग्रजी आणि मँडरिन, घरी तिसरीच भाषा, हे ओझं मुलांना पेलणार नाही, असा त्यांचा दावा होता. १९६१ च्या पोटनिवडणुकीत मतं मागण्यासाठी ते स्वतः शिकवणी लावून होक्किएन शिकले होते, हेही नोंदवून ठेवू. १९८२ पर्यंत टीव्ही आणि रेडिओवरचे या भाषांतले कार्यक्रम जवळजवळ संपले. कॅन्टोनीज कथाकार ली दाय सोर यांचा रेडिओवरचा आवाजही त्याच वर्षी थांबला. हाँगकाँगच्या मालिका मँडरिनमध्ये डब होऊन येऊ लागल्या.

पुढचं जनगणना सांगते. घरात मुख्यतः यांपैकी एखादी भाषा बोलणारे २००० मध्ये २३.८ टक्के होते, २०१० मध्ये १४.३ आणि २०२० मध्ये ८.७. पण २०२० मध्ये मँडरिनही २९.९ वर घसरली होती. पुढे होती इंग्रजी, ४८.३ टक्के. होक्किएन बाजूला सारून जी जागा मोकळी केली, तिथं शेवटी इंग्रजी येऊन बसली.

मराठी घरांनाही हे ओळखीचं वाटेल. सिंगापूरच्या शाळेत भारतीय मुलांना 'मातृभाषा' म्हणून तमिळ घेता येते, नाहीतर हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू. मराठी त्या यादीत नाही. त्यामुळे मराठी मूल बहुधा हिंदीचा पेपर 'मातृभाषा' म्हणून लिहितं, आणि होक्किएन घरातलं मूल मँडरिनचा.

[दृश्य: सरकारी वसाहतीतली सदनिका. दारापाशी चपला. भिंतीवर घड्याळ.]

आता घरात येऊ. बहुतेक घरं एका भरवशावर असतात: आजी आहे ना, ती मुलाला होक्किएन शिकवेल.

आपण तास मोजू. तीन वर्षांचं मूल दिवसाला साधारण बारा तास झोपतं. जागेपणाचे उरले बारा, म्हणजे आठवड्याला ८४. एखादी भाषा मुलानं नुसती समजून न घेता बोलावी, तर जागेपणाचा पाचवा ते चौथा हिस्सा तिला मिळावा, असा ठोकताळा या क्षेत्रात वापरतात. तो आकडा होतो १७ ते २१ तास. आजीकडे दर रविवारी चार तास जायचं, तर हिशेब पाच टक्क्यांच्याही आत राहतो. एवढ्यात मुलाला शिव्या कळतात, पदार्थांची नावं कळतात, 'ये' आणि 'नको' कळतं. वाक्य तयार होत नाही.

म्हणून भार मधल्या पिढीवर येतो. आई किंवा बाबा, दोघांपैकी एकानं ठरवायचं. सकाळी कपडे घालताना पाऊण तास, संध्याकाळी आंघोळ आणि जेवण सव्वा तास: रोजचे दोन, पाच दिवसांचे दहा. शनिवारी बाजार आणि दुपारचं जेवण, चार. रविवारी आजी, चार. झाले अठरा. नवा वेळ काढायचाच नाही, जो आहे त्याचीच भाषा बदलायची.

घरात एकट्या बाबांनीच होक्किएन बोलायची की दोघांनीही? बेल्जियमच्या डचभाषी भागातल्या सुमारे १,९०० कुटुंबांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं दोन्ही पालक घरात फक्त आपली, म्हणजे बाहेर न चालणारी भाषा बोलत, तिथं ९७ टक्के घरांत मुलं ती बोलत होती. जिथं एक पालक ती भाषा आणि दुसरा डच, तिथं चारांतल्या तीन घरांत. 'एक पालक, एक भाषा' हा नियम पालकांच्या तोंडी फार असतो, पण दर चौथ्या घरी तो पुरलेला नाही.

आणखी एक पेच सिंगापूरमध्ये हमखास येतो: बाबांकडचे तेओच्यू, आईकडचे कॅन्टोनीज. वंश वडिलांचा म्हणून तेओच्यू निवडली जाते आणि ती बोलायला घरात कुणीच नसतं. निवड आडनावावरून करू नका, तासांवरून करा. ज्याच्या हातात मुलाचे सर्वांत जास्त तास आहेत, त्याच्या तोंडात जी भाषा सहज येते, ती घ्या.

[दृश्य: स्वयंपाकघर. मूल पेल्याकडे बोट दाखवतं आहे.]

दोन वर्षांचं मूल म्हणतं, "वॉटर." बाबा होक्किएनमध्ये बोलत होते. आता काय?

भाषाशास्त्रज्ञ एलिझाबेथ लान्झा यांनी नॉर्वेतल्या दुभाषी मुलांच्या घरचं बोलणं तपासून पालकांची पाच वळणं दाखवली. एक, कळलंच नाही असं दाखवणं. दोन, अंदाज करून आपल्या भाषेत विचारणं: "बे लिम चुई?" पाणी प्यायचंय का? तीन, मुलाचा शब्द आपल्या भाषेत नुसता म्हणून दाखवणं: "चुई." चार, काही न बोलता पाणी देणं. पाच, आपणही इंग्रजीत जाणं. पहिल्या टोकाला मुलाला आपली भाषा वापरावी लागते, शेवटच्या टोकाला तिची गरजच उरत नाही. बहुतेक घरं चार आणि पाचवर जगतात आणि नंतर म्हणतात, मुलाला आवड नाही.

दुसरं वळण सगळ्यांत टिकाऊ. विचारायचं, मग दोन-तीन सेकंद थांबायचं. थांबणं विसरलं जातं. पेला हातात ठेवून मोकळं झालं की मुलानं बोलायचं कारण संपलं. पहिलं वळण, म्हणजे न कळल्याचं सोंग, चार वर्षांनंतर चालत नाही. बाबा ऑफिसच्या फोनवर इंग्रजी बोलतात हे मुलानं ऐकलेलं असतं. आणि रडणाऱ्या, पडलेल्या, भुकेनं कासावीस झालेल्या मुलावर हा प्रयोग कधीच नको.

आजीचा घोटाळा वेगळा. नातवाला कळावं म्हणून ती आपली चांगली होक्किएन सोडून मोडक्या मँडरिनमध्ये शिरते. तिला आधी सांगून ठेवावं लागतं: त्याला कळलं नाही तरी चालेल, हातवारे कर, पण भाषा बदलू नकोस. हे दोन-तीनदा सांगावं लागतं. चाळीस वर्षं तिला उलटं सांगितलं गेलं आहे.

[दृश्य: ओठांचा जवळून घेतलेला शॉट. पार्श्वभूमीला सावकाश म्हटलेले शब्द.]

ऐका. पाः. फाः. बाः. होक्किएनमध्ये पहिला शब्द शंभर, दुसरा मारणं, तिसरा मांस. सूर तिन्हींचा एकच, फरक फक्त ओठांवरच्या व्यंजनाचा. मराठी माणसाला यात नवल नाही, आपल्याकडे प, फ, ब आहेतच. मँडरिनमध्ये मात्र हा ब नाही. मँडरिनवर वाढलेलं मूल मांस मागायला जातं आणि शंभर म्हणतं.

दहाचा आकडा: होक्किएनमध्ये चाप्, च 'चाळ'मधला. कॅन्टोनीजमध्ये साप्. शेवटी ओठ मिटतात, पण सुटत नाहीत. मँडरिननं ही मिटलेली टोकं टाकून दिली आहेत. गंमत म्हणजे इथं मुलाची इंग्रजी मदतीला येते, कारण सिंगापूरच्या इंग्रजीतही शेवटचा प असाच मिटतो.

सूर हे खरं अवघड प्रकरण. कॅन्टोनीजमध्ये 'सी' सहा सुरांत म्हटलं तर सहा अर्थ होतात: कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार, गोष्ट. होक्किएनची खोड आणखी वेगळी: तिथं जवळपास प्रत्येक शब्दाला दोन सूर. 'ते' म्हणजे चहा. एकटा म्हटला की सूर वर चढतो. 'ते-प्वे', चहाचा पेला, म्हटलं की तोच 'ते' चढायचं विसरतो. म्हणून एकेका शब्दाची चित्रकार्डं इथं घात करतात. मूल प्रत्येक शब्द एकटा असल्याच्या सुरात पाठ करतं आणि वाक्य जोडलं की आजीला ते परकं वाटतं. कार्डावर शब्द नको, तुकडा हवा: 'पाणी पी', 'बूट काढ', 'दार लाव'.

पालकांची शब्दसंपत्तीही जेवण आणि रागावणं यांच्यापलीकडे फारशी जात नाही. आठवड्याला एक विषय आणि दहा शब्द पुरे. आंघोळीचे, मग जिन्याचे, मग आजारपणाचे. अडलं की तैवानच्या शिक्षण मंत्रालयाचा ऑनलाइन शब्दकोश उपयोगी पडतो, त्यात उच्चार ऐकता येतात. पण तो तैवानचा. तिथं पावाला 'फांग' म्हणतात; तो पोर्तुगीज शब्द जपानमार्गे आला, आपल्या 'पाव'चाच सख्खा भाऊ. सिंगापूरची आजी म्हणते 'लोती', मलय 'रोती'वरून, म्हणजे मुळात आपली रोटी. बाजाराला ती 'पासात' म्हणते. कोश काहीही सांगो, घरात आजीचा शब्द ठेवा, नाहीतर मूल जे शिकेल ते बोलायला शेजारीपाजारी कुणी मिळणार नाही.

नाती आधी घ्या. मामा आ-कू, मामी आ-कीम, आत्या आ-को, मावशी आ-ई, वडिलांचा धाकटा भाऊ आ-चीक. सिंगापूरच्या इंग्रजीत हे सगळे 'अंकल' आणि 'आंटी' होऊन जातात. आणि एक जोडी मराठी कानाला लगेच कळेल: 'लान' म्हणजे आपण, 'गुन' म्हणजे आम्ही. इंग्रजीत हा भेद नाही, सिंगापूरच्या मँडरिनमध्येही तो करत नाहीत. 'लान' फिरायला जाणार की 'गुन', हे कळणं लहान मुलाच्या फार कामाचं असतं.

गोष्टींची पुस्तकं बहुतेक मँडरिनच्या वाक्यरचनेत छापलेली असतात. ती अक्षरं होक्किएन उच्चारात जशीच्या तशी वाचली तर बातमीपत्रासारखी वाटतात. मजकूर झाका, चित्र बघून सांगा. कॅन्टोनीजसाठी हाँगकाँगची बोलभाषेतली पुस्तकं आणि कार्टून मिळतात. तेओच्यूचं पान जवळजवळ कोरं आहे.

मग सातव्या वर्षी शाळा सुरू होते. त्या वर्षी बरीच घरं माघार घेतात, मँडरिनचे गुण जातील या भीतीनं. माघार घ्यायचीच झाली तर सगळी घेऊ नये. आंघोळ सुटली तरी शनिवारचा बाजार होक्किएनमध्येच राहू द्यावा. ज्ञातिसंघांचे, म्हणजे एका गावच्या किंवा एका आडनावाच्या चिनी मंडळांचे, वर्ग असतात, पण आठवड्याचा दीड तास मुलाला पुरत नाही. तो बाबांनी घ्यावा, त्यांना जास्त गरज आहे.

[दृश्य: ओट्यावर लाकडी साचा, लाल पिठाचा गोळा, केळीच्या पानाचे तुकडे.]

आजीचा आवाजही जपून ठेवायचा. तिला समोर बसवून प्रश्न विचारले की ती शाळेतल्यासारखी बोलते. हाताला काम द्या. इथं आंग-कू-क्वे चालले आहेत: चिकट तांदळाच्या पिठाची लाल पारी, आत मुगाच्या डाळीचं गोड सारण, कासवाच्या पाठीचा साचा. बाळ महिन्याचं झालं की हे वाटतात. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थेट समोर नाही, थोडा बाजूला. नाहीतर प आणि फ म्हणताना आवाज फुटतो. पंखा बंद, धुलाईयंत्र बंद. तीन ते पाच मिनिटांचा एकेक तुकडा. नावात तारीख, माणूस, भाषा, विषय. शेवटी तीच दोन-तीन वाक्यं तिला तीनदा म्हणायला सांगा. सुराचा अभ्यास करायचा तर एकदा म्हटलेलं पुरत नाही.

मध्येच नात येऊन काहीतरी विचारते आणि आजी तिच्यावर खेकसते. ते कापू नका. सहा महिन्यांनी पुन्हा लावा आणि बघा, तेव्हा नातीनं कोणत्या भाषेत विचारलं होतं आणि आता कोणत्या भाषेत विचारते.

[दृश्य: साचा ओट्यावर आपटला जातो. टक्. कासव पानावर पडतं.]