चुनखडीच्या मुलखात पायी

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावकराला पायी भटकायचं म्हटलं की त्याचं तोंड आपोआप पश्चिमेला वळतं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आंबोली. तेवढी सवड नसली तर येळ्ळूरचा राजहंसगड. धुकं, झाडी, पाणी, सगळं तिकडंच, तेव्हा तक्रार नाही. आज मात्र मी तुम्हाला पाठ फिरवायला लावणार आहे. पूर्वेला बघा: गोकाक, यादवाड, लोकापूर, रामदुर्ग, सौंदत्ती. ऊन, काटे आणि उघडा दगड. पाऊस बेळगाव शहराच्या निम्म्याच्या आसपास. अशा ठिकाणी मुद्दाम चालायला कोण जातं, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणतो, दगड बघायला जा.

मार्कंडेय नदीचाच माग काढू. ती आपल्या घरचीच. खानापूर तालुक्यात उगम पावते, कंग्राळी-काकतीच्या शिवारातून जाते, तिच्या काठी आपण भात लावतो. इथवर खाली काळा दगड, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा, आणि त्यावर कुठंकुठं तांबडा जांभा. पूर्वेला जाल तसा हा काळा थर पातळ होत जातो आणि शेवटी संपतो. संपतो तिथं त्याच्याखाली दडलेली जुनी जमीन उघडी पडते. गोकाक तालुक्यात गोडचिनमलकीला मार्कंडेय दोन टप्प्यांत खाली उडी घेते, तो कडा काळ्या दगडाचा नाही. तो वालुकाश्म, म्हणजे वाळू घट्ट होऊन झालेला दगड. गावातून दोन-अडीच किलोमीटरची रानवाट आहे. पुढं गोकाकजवळ ही नदी घटप्रभेला मिळते. गोकाकचा धबधबा तुम्ही पाहिलाच असेल. 52 मीटरवरून घटप्रभा कोसळते तोही वालुकाश्माचाच कडा. 1887 पासून या पाण्याच्या जोरावर तिथं गिरणी चालली, हेही ठाऊक असेल. आता पुन्हा गेलात तर पाण्याकडं पाठ करून खडकाकडं बघा. या भागातल्या वालुकाश्माच्या फरशांवर कुठंकुठं बारीक लाटांचे वळ दिसतात. उथळ पाण्याखालच्या वाळूवर उमटलेले ते वळ तसेच दगड झाले.

या थरांना भूशास्त्रात कलादगीचं नाव मिळालं. कलादगी आज बागलकोट जिल्ह्यातलं एक गाव. इंग्रजी अमलात काही काळ ते जिल्ह्याचं ठाणं होतं. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या साहेबानं हा सगळा भाग पालथा घातला आणि 1876 साली दक्षिणी मराठा मुलखाच्या भूरचनेवर जाडजूड अहवाल काढला. आपल्या भागाला तेव्हा इंग्रज याच नावानं ओळखत. थरांचं वय शंभर कोटी वर्षांच्या पलीकडचं. सह्याद्रीचा काळा दगड त्यापुढं अगदी अलीकडचा.

आता चुनखडीकडं येऊ, कारण तिथंच खरी गंमत आहे. चुनखडीचे डोंगर बघायला म्हणून निघालात तर या भागात फसगत होईल. इथं चुनखडी सहसा डोंगर करत नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडीला हळूहळू विरघळवतं. शेजारचा गारेचा वालुकाश्म त्याला दाद देत नाही. त्यामुळे झालंय असं, की वालुकाश्म लांबलचक धारेसारखा उभा राहिला आणि चुनखडी पायथ्याला, काळ्या रानाखाली गेली. धारेवर तरवड, बाभूळ, निवडुंग. खाली जोंधळा, हरभरा, ऊस. धारेवरून खाली उतरता उतरता पिकं बदलली की दगड बदलला असं समजायला हरकत नाही. चालणाऱ्याला ही खूण नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडते, असं माझं मत आहे.

खात्री करायची असेल तर खिशात लिंबू ठेवा. निळसर-करडा, गुळगुळीत दगड दिसला की ताज्या फुटलेल्या बाजूवर चार थेंब पिळा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी. डोलोमाइट, म्हणजे चुनखडीचाच मॅग्नेशियम असलेला भाऊबंद, असेल तर तो सहज दाद देत नाही. खरवडून थोडी पूड करावी लागते. उघड्यावरच्या चुनखडीला पन्हळी पडलेल्या असतात, आणि मधूनच गारेचे कठीण पट्टे वर डोकावतात, कारण ते विरघळत नाहीत. बागलकोट-लोकापूरच्या बाजूला काही दगडांत आणखी एक नवल दिसतं: कोबीचा गड्डा मधोमध कापल्यावर दिसतात तशा एकात एक वळलेल्या रेषा. उथळ समुद्रात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या थरांनी त्या घडवल्या आहेत. झाड, मासा, किडा यातलं पृथ्वीवर काहीच नव्हतं तेव्हाची ती वस्ती. कृपा करून हातोडी नेऊ नका. फोटो पुरे.

या दगडाशी आपला रोजचा व्यवहारही आहे, फक्त आपल्या लक्षात येत नाही. साखर कारखान्यात उसाचा रस निवळतो तो चुन्यानं. निपाणीची तंबाखू तळहातावर मळताना तुम्ही नखानं काय लावता? (लावू नये, हे वेगळं सांगायला नको.) चुनखडीच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी जड लागतं, डाळ लवकर शिजत नाही, भांड्याला पांढरं पुट चढतं. आणि यादवाडच्या बाजूला सिमेंटसाठी खाणी आहेत. त्यांच्या हद्दीत शिरू नका. सुरुंग लागतात आणि सोडून दिलेल्या खड्ड्यांचे काठ ढिसूळ असतात.

वाटा कुठल्या, म्हणाल तर पाट्या लावलेल्या आखीव वाटा इथं शोधू नका. गुराख्यांच्या आणि भक्तांच्या वाटा आहेत. सगळ्यात जुनी, सगळ्यात मळलेली म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माची. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर, निपाणी, बेळगावहून माणसं तिथं लोटतात. जोगळभावीला अंघोळ करून, ‘उदं गं आई उदं’ करत डोंगर चढतात. शेजारीच परसगडाचा किल्ला. तिथून फार लांब नाही ते नवीलतीर्थ, जिथं मलप्रभेनं वालुकाश्माची धार कापून वाट काढली आणि आता धरण आहे. मलप्रभा आपल्या कणकुंबीची. तीच पुढं बदामीच्या मुलखातून जाते, आणि बदामीची लेणी कोरली आहेत तीही वालुकाश्मातच. तिसऱ्या लेण्यात इसवी सन 578 चा लेख आहे.

वाट विचारायला लाजू नका. ‘अण्णा, गुड्डक्के होगो दारी यावदु?’ (डोंगराकडं जाणारी वाट कुठली?) एवढं कानडी बेळगावच्या माणसाला येतंच. लोक नुसती वाट दाखवून थांबत नाहीत, ताकही देतात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. धबधबा भरलेला हवा असेल तर पावसाळ्यात जा, पण ओल्या वालुकाश्मावर कड्याच्या टोकाशी उभं राहू नका. प्यायचं पाणी घरून न्या, वर धारेवर मिळत नाही. आणि पहाटेच्या गाडीनं निघा. दहा वाजले की तो दगड असा तापतो, की त्यावर टेकून डबासुद्धा उघडता येत नाही.

नमस्कार.