आबांचा सांगोला: अकरा विजय, दोन पराभव

[दृश्य: सांगोला बसस्थानक, पहाट]

एसटीत आमदारांसाठी एक जागा राखीव असते, आसनाजवळ तसं लिहिलेलंही असतं. बहुतेक गाड्यांत तिथे पहिला चढणारा बसतो आणि त्याला कुणी उठवत नाही. सांगोल्याच्या गाडीत ती जागा खरोखर वापरली जायची. गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबासाहेब, आमदार असतानाही लाल डब्याने फिरत.

१९६२. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव सांगोल्यातून निवडून आले आणि १९६७ मध्ये पुन्हा. १९७२ ला हरले. तिथे निवडून आलेल्या आमदारांचं निधन झालं, १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि आबा परतले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. मधल्या काळात १९७७ ला विरोधी पक्षनेतेपद आलं, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्रिपद. पक्ष शेवटपर्यंत एकच. भोवतालचे मोठे नेते एकेक करून काँग्रेसवासी होत असताना हे साधं नव्हतं.

[दृश्य: जुनी मतपेटी, शिक्का, मतपत्रिका]

१९९५ चा पराभव मात्र तालुका अजून तोंडपाठ सांगतो: १९२ मतं. समोर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. पुढे 'काय झाडी, काय डोंगार'मुळे राज्यभर गाजले, तेच.

तेव्हा मतदान कागदावर व्हायचं. इतक्या कमी फरकात बाद मतांचा गठ्ठा किती महत्त्वाचा, हे मोजणीच्या टेबलावर बसलेल्यालाच कळतं. मतपत्रिका बाद व्हायची ती ठरलेल्या कारणांनी. दोन उमेदवारांपुढे शिक्का. कुणापुढेच नाही. शिक्क्याऐवजी अंगठा. किंवा मतदाराची ओळख पटेल अशी काही खूण. सर्वात जास्त वाद व्हायचा तो घडीचा. शाई ओली असताना कागद आडवा दुमडला की ठसा दुसऱ्या नावासमोर उमटतो. म्हणून कर्मचारी आधी उभी घडी घालायला सांगत, म्हणजे डाग कोऱ्या बाजूला जातो. शिवाय शिक्क्यातल्या फुलीच्या टोकांना एकाच दिशेला वळण असतं. घडीने उमटलेला ठसा उलटा दिसतो आणि खरा कुठला ते ओळखता येतं. असं मत बाद करायचं नसतं. पण हे माहीत असलेला प्रतिनिधी त्या टेबलावर हवा, आणि त्याने तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी.

[दृश्य: माण नदीचं कोरडं पात्र, कोल्हापुरी बंधारा]

१९९९ ला आबा पुन्हा निवडून आले. विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे रोजगार हमीही आली. दुष्काळी तालुक्याचा माणूस आणि रोजगार हमी, खातं योग्य हाती पडलं असंच म्हणायचं. पण त्यांची खरी लढाई या पात्रात दिसते.

आटपाडीच्या पाणी परिषदेत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासोबत आबा होते. मागणी एकच, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना द्या. टेंभू योजना कऱ्हाडजवळ पाणी उचलते आणि पाच टप्प्यांत वर चढवत पूर्वेकडे आणते. सांगोला शेवटाकडे. वरच्या गावांनी जास्त घेतलं, की इथे आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, लांबतं. पंप चालतात विजेवर. बिल थकलं की योजना बंद, आणि योजना बंद असली की पाणीपट्टी कोण भरणार? ही गाठ सुटायला सरकारला बिलाचा ८१ टक्के भार उचलावा लागला. शेतकऱ्यांकडे १९ टक्के राहिले.

पाणी नदीत आलं तरी ते थांबवावं लागतं. खांबांमधल्या या खाचा बघा. यांत लोखंडी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसतात, फटी रबराने बंद होतात. पावसाळ्यात बरगे काढून ठेवायचे, पाऊस ओसरला की लावायचे. माणदेशात खरी गोम हीच, कारण इथला भरवशाचा पाऊस परतीचा. लवकर लावले आणि पूर आला, तर बाजूचा भराव वाहून जातो. उशीर केला तर पाणी भीमेकडे निघून जातं. रबर झिजलं तर आठवड्यात डोह आटतो. आणि बरगे चोरीला जातात, भंगारात लोखंडाला भाव असतो.

[दृश्य: सूतगिरणी, रिंगफ्रेमवर फिरत्या चात्या]

सहकारी सूतगिरणी ही आबांची दुसरी खूण. कापसाची गाठ फोडून सफाईला ब्लोरूम, मग तंतू विंचरायला कार्डिंग, पेळू सारखे करायला ड्रॉफ्रेम, ते बारीक करायला सिम्प्लेक्स आणि शेवटी सूत कातणारं हे रिंगफ्रेम. सांगोल्याची कोरडी हवा सुताची वैरी आहे. दमटपणा घसरला की धागा तुटतो. म्हणून वरून हे पाण्याचे तुषार सतत सोडावे लागतात. ज्या गावात प्यायला टँकर, तिथे.

[दृश्य: विधानभवन]

२००४, २००९ आणि २०१४ मध्येही तेच जिंकले. शेवटचा विजय २५ हजारांहून जास्त मतांनी, वय ऐंशीच्या पुढे. २०१९ ला ते थांबले. नातू अनिकेत उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. दोघांना मिळून जवळपास दोन लाख मतं पडली होती. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब, त्याच शहाजीबापूंना हरवून आले. त्या विधानसभेत शेकापचे ते एकटेच.

आबा ते बघायला नव्हते. ३० जुलै २०२१, सोलापूर.

[दृश्य: अंत्ययात्रा. निवेदन नाही.]