लोटू

[दृश्य: रेवदंडा-साळाव पूल. खाली कुंडलिकेची खाडी, भरतीची वेळ.]

रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की समुद्रात घुसलेल्या टेकडीवर कोर्लईचा किल्ला दिसतो. लोक वर जातात, दीपगृह बघतात, फोटो काढतात आणि निघतात. आपण मात्र पायथ्याच्या गावातच थांबणार आहोत.

[दृश्य: माउंट कार्मेल चर्च, आसपासची घरं, ओटे.]

इथल्या ओट्यावरच्या गप्पा लांबून ऐकल्या तर मराठीच वाटतात. जवळ गेलं की कळतं, शब्द वेगळेच आहेत. ही कोर्लईची पोर्तुगीज. बोलणारे तिला म्हणतात 'नॉ लिंग', म्हणजे आमची भाषा. की आपली भाषा? मराठीत हा फरक करावा लागतो, आणि पाहुण्याने तो आपल्या सोयीने करू नये.

पोर्तुगीजांनी १५२१ साली चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, कोट बांधायला घेतला. १७३९ साली वसई पडली आणि पुढच्याच वर्षी चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. फिरंगी निघून गेले. त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतलेली इथली माणसं मागे राहिली, आणि त्यांच्या तोंडी बसलेली भाषाही राहिली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, लग्नं आपसातच. चर्चच्या निमित्ताने पोर्तुगीजशी थोडंफार नातं उरलं. बाकी सगळा शेजार मराठी.

अडीचशेहून जास्त वर्षांच्या शेजाराने काय केलं, ते बघायला क्रियापदांकडे यावं लागतं.

[दृश्य: पाटीवर खडूने लिहिलेले चार शब्द.]

कता म्हणजे गाणे. बेबे म्हणजे पिणे. इरगी म्हणजे उठणे. अ, ए, ई असे शेवट असलेले हे तीन गट थेट पोर्तुगीजमधून आले. चौथा शब्द बघा: लोटू. म्हणजे लोटणे! मराठी क्रियापद घरात घ्यायचं तर त्याच्या शेवटी 'ऊ' लावायचा, की झालं ते नॉ लिंगचं. पोर्तुगीजमध्ये असा गटच नाही. या गावाने मराठीसाठी एक खण नवीन करून घेतला. कुणी याला भेसळ म्हणेल. मला तरी ही चोख व्यवस्था वाटते.

वाक्याची घडीही बदलत गेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद सहसा कर्माच्या आधी येतं. इथे ते सरकत सरकत मराठीसारखं शेवटी जाऊ लागलं.

आपणही काही कमी घेतलेलं नाही. चावी, पगार, पाव, बटाटा, घमेलं: सगळे पोर्तुगीज पाहुणे. फक्त आपण ते विसरलोय.

[दृश्य: पुलावरून जाणारी एसटी.]

हा पूल १९८६ सालचा. त्याने रस्ता जवळ केला, आणि बाहेरची भाषाही. शाळा मराठी. नॉ लिंग बोलणारे आज साधारण हजाराच्या आत-बाहेर. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाअभ्यासकाने तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं, म्हणून निदान तिचं व्याकरण तरी कागदावर आहे.

[ध्वनी: ओट्यावर दोन बायकांचं बोलणं. उपशीर्षकं नाहीत.]

आता निवेदन थोडा वेळ थांबवतो. अर्थ कळला नाही तरी चालेल. क्रियापद वाक्यात कुठे येतंय, तेवढं ऐका.