वाढप्याचं ताट

सलाम, श्रोतेहो.

लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा राहिलेला माणूस तुम्ही पाहिलाय. कदाचित तुम्ही स्वतःही वाढलं असेल. सकाळी अकरापासून वरणाची बादली हातात. एक पंगत उठते, दुसरी बसते. चौथी उठेपर्यंत वाढप्याची भूक मरून गेलेली असते, जिलबी संपलेली असते, आणि कुणी म्हणालंच ‘अरे, तू बस आता’, तर तो म्हणतो, ‘राहू द्या, घरी जाऊन चहा घेईन.’

मला आज मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, वाढप्यांबद्दल बोलायचंय. संडे स्कूलच्या बाई, दानार्पणाचा हिशेब ठेवणारे खजिनदार, पेटी वाजवणारा मुलगा, महिला मंडळाच्या सेक्रेटरी, सतरंज्या घालणारे, मंडळीचा कारभार पाहणारे पंच, पगारी सेवक. आणि उपासना चालवणारे पाळकसाहेबसुद्धा. हे सगळे वाढतात. जेवतात कधी?

मे महिना आला की यांच्यासाठी शिबिरं भरतात. पत्रिकेवर छापलेलं असतं, ‘आत्मिक संजीवन आणि नेतृत्व प्रशिक्षण’. सकाळी संजीवन, म्हणजे विश्वास पुन्हा जागवणं, दुपारी प्रशिक्षण, जणू दोन वेगळे विषय. मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. ते दोन नाहीत, एकच आहे, हे मला एका किल्ल्यांच्या जुडग्याने शिकवलं. तीच गोष्ट आज सांगतो.

नगर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. शाळेला सुट्टी लागलेली, म्हणून वर्ग मिळाले होते. बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या घातलेल्या. आजूबाजूच्या मंडळ्यांतून 46 जण आले होते, तीन दिवसांसाठी. शिकवायला मी. पहिल्याच सकाळी मी एक नियम केला: सगळ्यांनी आपले मोबाईल बंद करून माझ्याकडे द्यायचे. एक मोठी दुरडी ठेवली, तिच्यात 46 फोन जमा झाले, वर टॉवेल झाकला आणि ती माझ्या टेबलाखाली सरकवली. देवाचं ऐकायचं असेल तर जगाचा आवाज बंद करा, असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं.

त्या 46 जणांत एक काका होते. साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. उठता-बसता त्यांच्या कमरेपाशी आवाज यायचा, कारण करगोट्याला किल्ल्यांचा जुडगा बांधलेला. मी सहज विचारलं तेव्हा त्यांनी एकेक किल्ली बोटात धरून दाखवली. ही मोठ्या दाराची. ही व्हेस्ट्रीची, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीची. ही कपाटाची, त्यात प्रभुभोजनाचे प्याले. ही दानपेटीची. ही ॲम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीची. ही घंटेच्या माडीची. ही पाण्याच्या मोटारीची. सात किल्ल्या, आणि 22 वर्षं त्या काकांच्याच कमरेला. सहा पाळक आले आणि बदलून गेले. पाळक बदलतात, किल्ल्या बदलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांच्या गावात एक आजी वारल्या. दर शनिवारी चर्च झाडायला येणाऱ्या त्याच आजी. मे महिन्याचं ऊन, म्हणून दुपारीच माती द्यायचं ठरलं. शवपेटी चर्चच्या दारापर्यंत आणली, आणि दाराला कुलूप. काकांना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. फोन माझ्या दुरडीत होता, टॉवेलाखाली. कुलूप फोडायची कुणाची छाती होईना. एका मुलाने मोटारसायकल काढली आणि 38 किलोमीटर उन्हातून किल्ली न्यायला निघाला.

इकडे मी काय शिकवत होतो? बायबलमधलं निर्गम, अध्याय 18. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसतो आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे राहतात. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि म्हणतो, हे तू करतोस ते ठीक नाही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. नाहीतर तूही थकून जाशील आणि हे लोकही थकून जातील. ‘लोकही’ हा शब्द मी फळ्यावर लिहिला, खाली रेघ मारली. आणि तेवढ्यात तो मुलगा दारात आला, घामाने भिजलेला. काकांकडे बघून एवढंच म्हणाला, ‘काका, किल्ली.’

त्याच्याकडून कळलं ते कळलं. काकांनी कमरेला हात घातला, गाठ सुटेना. दोघं तिघं उठले मदतीला. तोवर साडेचार वाजले होते. मी दुरडीतून काकांचा फोन काढून सुरू केला. गावाकडून कळलं ते असं: तासभर दारात थांबून, पाळकांनी शेवटी पायरीवरच उपासना घेतली होती, लोक लिंबाखाली आणि छत्र्यांखाली उभे होते, आणि आजींना कबरस्तानात नेलं होतं. जे चर्च आजींनी इतकी वर्षं झाडलं, त्याच्या आत शेवटच्या दिवशी त्यांना जाता आलं नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेत काका बोलले नाहीत. संपल्यावर पुढे आले आणि जुडगा माझ्या वहीवर ठेवला. म्हणाले, ‘ह्या तुम्ही घ्या.’ मी म्हणालो, ‘काका, मी घेऊन काय करू? मी परवा निघून जाणार.’ मग मीच टेबलाखालची दुरडी बाहेर ओढली आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. काकांच्या कमरेला सात किल्ल्या होत्या, माझ्या पायाशी 46 फोन. चूक एकच होती, माणसं दोन होती.

त्या रात्री आम्ही कुणी लवकर झोपलो नाही. काका पुष्कळ वेळाने बोलले, आणि ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. ते म्हणाले, ‘22 वर्षं मी एक रविवार चुकवला नाही. पण प्रवचन पूर्ण कधी ऐकलं नाही. आधी घंटा, मग माइक, मग मोटार, मग व्हेस्ट्रीत दान मोजायचं. मला प्रवचनाची सुरुवात माहीत आहे आणि शेवटचा आशीर्वाद माहीत आहे. मधलं ठाऊक नाही.’

मधलं ठाऊक नाही. श्रोतेहो, वाढप्याचं ताट म्हणतो ते हेच.

शिबिर संपल्यावर काकांनी एसटी स्टँडजवळच्या किल्लीवाल्याकडून तीन जुडगे करून घेतले. एक संडे स्कूल शिकवणाऱ्या 19 वर्षांच्या मुलीला, एक चर्चशेजारी राहणाऱ्या रिक्षावाल्याला, एक महिला मंडळातल्या एका ताईंना. आणि महिनाभर काकांनी तिघांना शिकवलं. मोठं दार जरा वर उचलून धरायचं, मगच किल्ली फिरते. घंटेचा दोर डावीकडे ओढायचा, नाहीतर पीळ पडतो. प्याले कोमट पाण्याने धुवायचे. हे कुठल्या पुस्तकात नाही. नेतृत्व प्रशिक्षण म्हणजे मी तरी आता याहून वेगळं काही समजत नाही: दार कसं उचलायचं ते दुसऱ्याला दाखवणं, आणि मग त्याला उघडू देणं.

जाता जाता माझं एक मत. शिबिर पाचगणीलाच हवं, प्रोजेक्टर हवा, वक्त्यांच्या फोटोंचा फ्लेक्स हवा, हा हट्ट सोडा. त्या फ्लेक्सच्या पैशात गावातली चार माणसं एसटीने येऊन-जाऊन जेवतील.    

संजीवन आणि प्रशिक्षण एकच, याचं आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण देतो. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन, पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेलं. 1905 साली पंडिता रमाबाईंनी तिथल्या स्त्रियांना प्रार्थनेसाठी पुढे यायला सांगितलं. जानेवारीत 70 जणी होत्या, जूनपर्यंत 550 झाल्या. मोठं संजीवन झालं, आणि मग त्यांतल्याच मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या. क्रम लक्षात घ्या. आधी गुडघे, मग पाय. आणि तिथे बाईंनी सगळं स्वतःच्या हाती ठेवलं नव्हतं. मुली शिकवत होत्या, शेती पाहत होत्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होत्या. बाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच मुलींच्या हातांनी छापलं गेलं. 1922 साली रमाबाई गेल्या, मुक्ती आजही सुरू आहे.

तेव्हा शिबिर भरवणाऱ्यांना माझी विनंती. पहिल्या दिवशी काही शिकवू नका. बायबलमधला संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली निजला, मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो जेवला, पुन्हा झोपला. पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातलं. चाळीस दिवसांची वाट त्यानंतर. आपल्या माणसांना पहिला दिवस झोपू द्या, एकत्र गाऊ द्या, प्रवचन मधलंसुद्धा ऐकू द्या.

मग प्रत्येक कामाला दोन माणसं. पुन्हा सांगतो, प्रत्येक कामाला दोन माणसं. एक करणारा, एक शिकणारा, आणि वर्षाने शिकणारा करणारा होईल. दान दोघांनी मोजायचं, त्याच दिवशी वहीत दोघांनी सही करायची. संडे स्कूलच्या वर्गात दोन शिक्षक. पेटीवर आज एक, पुढच्या रविवारी दुसरा. ज्याची पाळी नाही, त्याने सतरंजीवर बसायचं. बाहेर चपलांपाशी नाही, आत, सतरंजीवर.

आणि मोबाईल ज्याच्या त्याच्याकडे राहू द्या.

येत्या रविवारी उपासनेनंतर आपल्या चर्चच्या मोठ्या दाराच्या किल्ल्या किती आहेत आणि कुणाकुणाकडे आहेत, एवढं विचारा. एकच असेल, तर सोमवारी किल्लीवाल्याकडे जा.

सलाम.