गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

(पडद्यावर: नाट्यगृहाचा मखमली पडदा, ऑर्गनचा स्वर)

डिसेंबर १९६७. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. विश्रामपूरच्या राजगायकाला मिळणारी कट्यार, तिच्यासोबत एक खून माफ, आणि तिच्यापायी खाँसाहेब आणि पंडित भानुशंकर, म्हणजे पंडितजी, यांच्या दोन घराण्यांत पेटलेलं वैर. पण तीच गोष्ट माहीत असूनही रसिक पुन्हा तिकीट काढत, ते वसंतरावांसाठी. आज तान किती लांबणार, हे त्या रात्रीचा गळा आणि समोरची दाद ठरवायची. वन्स मोअर आला की कथा थांबायची, आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नसे.

सिनेमाला ही चैन परवडत नाही. तिथे तान संकलनाच्या टेबलावर कापली जाते.

(पडद्यावर: राजवाडा, दरबार)

२०१५ मध्ये सुबोध भावे यांनी या नाटकाचा चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट, पण 'कट्यार' त्यांच्या अंगात मुरलेली होती. २०१० साली हेच नाटक त्यांनी पुन्हा रंगमंचावर आणलं होतं. त्यात खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, पंडितजींना गुरू मानणारा सदाशिव झाले महेश काळे. दोघेही प्रेक्षकांसमोर उभं राहून, स्वतःच्या गळ्यानं गात होते.

चित्रपटात त्यांचे गळे आले, चेहरे आले नाहीत. राहुल यांच्या आवाजावर खाँसाहेब उभे केले सचिन पिळगांवकर यांनी. शास्त्रीय गाण्यात नुसते ओठ हलवून भागत नाही. क्लोजअपमध्ये मानेची शीर दिसते, जबडा दिसतो, तानेआधी घेतलेला श्वास दिसतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना उठणारा हात दिसतो. यातलं एक जरी चुकलं तरी जाणकार प्रेक्षक तिथेच तुटतो. पंडितजींच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन स्वतः आहेत, स्वतःच गातात. मला ही निवड फार मोलाची वाटते. त्यांच्या चेहऱ्यावर गाण्याची खरी मेहनत दिसते.

नव्या चाली शंकर-एहसान-लॉय यांनी बांधल्या, पण 'घेई छंद मकरंद' त्यांनी राखलं. नाटकात हे एकच पद दोन घराणी दोन रागांत गातात. पंडितजींचं सालगवराळीतलं, शांत. खाँसाहेबांचं धानीतलं, चपळ आणि आक्रमक. वैराचं सगळं कारण त्या दोन चालींत ऐकू येतं. ते गाळलं असतं, तर उरली असती फक्त सूडकथा.

पटकथेनं गोष्ट मागे नेली. पंडितजी आणि खाँसाहेबांचा पूर्वीचा स्नेह, मग स्पर्धेतले पराभव, हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. कथा सांगते खुद्द कट्यार, रीमा लागू यांच्या आवाजात. मोकळ्या मैफलीचा वेळ गेला, हे खरंच. पण खाँसाहेबांच्या मनातली जळजळ आधी कधी इतकी जवळून दिसली नव्हती.

याच चित्रपटातल्या 'अरुणी किरणी' या गाण्यासाठी महेश काळे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटातला सदाशिव साकारला होता सुबोध भावे यांनी.